पाऊण तास

धक्का तसा किरकोळच होता. टेबलावरून पुस्तक पडावं एवढा आवाज झाला, यंत्राची मधली प्लेट दोन बोटं वर सरकली आणि वरच्या प्लेटच्या पोटाशी जाऊन अडली. दोन्ही प्लेटांच्या मध्ये तिचा डावा पंजा होता. पहिल्या क्षणी दुखलंसुद्धा नाही. गर्दीत मागून कुणीतरी हात धरावा आणि कोण ते बघायला आपण वळावं, तशी ती वळली. मनगटापर्यंत हात दिसत होता, पुढचा दिसत नव्हता. उजवा हात मात्र शहाण्यासारखा आपणहून लाल बटणाकडे गेला. बटण दाबलं गेलं, मोटरची गुणगुण थांबली, पडद्यावरची हलणारी रेघ सरळ झाली. आता सुटेल म्हणून तिने हात ओढला. मग कळा सुरू झाल्या, आणि हात तिथेच राहिला.

भिंतीवरच्या घड्याळात सव्वा वाजला होता. शनिवार. एक वाजता तुकडी सुटली, पोरंपोरी हसत-खिदळत गेली, आणि निघता निघता तिला दिसलं की एका बाजूची स्प्रिंग वाटीतून निसटून तिरकी झाली आहे. सोमवारी सकाळी दुसरी तुकडी येणार, म्हणून जाता जाता बसवून टाकू. एवढंच. हात आत घालण्याआधी लाल बटण दाबावं, ही पाटी तिच्याच अक्षरात समोर चिकटवलेली होती. दर सत्रात पहिल्या दिवशी ती सगळ्यांना ती मोठ्याने वाचायला लावायची. आज घड्याळाकडे बघत तिने हात घातला, बोटांनी मधली प्लेट जराशी दाबली, आणि जागं असलेलं ते यंत्र नेमकं जे शिकवलं होतं तेच करून मोकळं झालं. त्याच्या लेखी तो रस्त्यातला खड्डा होता. त्याने खड्डा भरून काढला.

वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी, सोळा वर्षं एकच प्रयोग शिकवल्यानंतर, आपण अशा चिमटीत सापडावं याचं तिला आधी हसूच आलं. गाडीचे धक्के गाडीने स्वतःच कसे ओळखायचे आणि परतवायचे, हे शिकवणारं हे यंत्र. उभ्या पोलादी खांबांवर एकावर एक तीन प्लेटा. खालची म्हणजे रस्ता, मधली म्हणजे चाक, वरची म्हणजे गाडीत बसलेली माणसं. मध्ये स्प्रिंगा, एक मोटर, आणि प्रत्येक हालचाल टिपणारे सेन्सर. आधी मोटर बंद ठेवून रस्ता हलवायचा, म्हणजे वरची प्लेट कशी आपटत राहते ते दिसतं. मग मोटर चालू करायची. रस्ता तसाच थयथयाट करतो, पण वरची प्लेट जवळजवळ स्थिर होते. या क्षणाला प्रत्येक तुकडीतून एक छोटासा "आ" निघतो. सोळा वर्षांत तो चुकला नव्हता, आणि तिला अजूनही तो ऐकायला आवडायचा. पोरं पाठीमागे तिला 'डॅम्पर मॅडम' म्हणतात हे तिला ठाऊक होतं. कुणी काही उसळून बोललं तरी ती शांतपणे जिरवायची, गाडीचे धक्के जिरवणाऱ्या डॅम्परसारखी, त्यावरून पडलेलं नाव. नाव वाईट नव्हतं.

तिने मान वाकवून खाली पाहिलं. वरची प्लेट वरच्या अडथळ्याला भिडली होती, म्हणजे आता ती तसूभरही उचलली जाणार नव्हती. खालची प्लेट वर येऊन थांबली होती आणि मधल्या प्लेटखालच्या स्प्रिंगा पार दबून बसल्या होत्या. त्या आता सतत वर रेटत राहणार. हात चिरडण्याइतका जोर नाही, सोडण्याइतकी ढील नाही. वीज गेली की खालची प्लेट आपोआप उतरली असती, पण तिला उचलणारा स्क्रू बारीक आट्यांचा होता. जिथे थांबेल तिथेच घट्ट. हेही तिचंच डोकं. यंत्र इथल्याच कारखान्यात बनवून घेतलं तेव्हा मिस्त्री म्हणाला होता, "मॅडम, साधा स्क्रू लावू, लवकर फिरेल." तिने हट्टाने बारीक आट्यांचा लावायला लावला. वीज गेल्यावर प्लेट धाडकन खाली पडली आणि कुणाचा हात सापडला तर? विभागप्रमुखांनी सगळ्यांदेखत कौतुक केलं होतं. स्क्रू हाताने फिरवायचं लोखंडी हँडल भिंतीच्या खुंटीला टांगलेलं होतं, तिथून चार हातांवर. फोन टेबलावर, पर्समध्ये, पाच हातांवर. यंत्र सिमेंटच्या ओट्यात बोल्टांनी पक्कं केलेलं. प्रयोगशाळा तळघरात, कारण वर ठेवली तर वरच्या वर्गांच्या खिडक्या थरथरतात; आणि दार जाड, कारण आवाज बाहेर जाऊ नये. पहारेकरी कुलूप लावायला सहाला येतो. हे सगळं तिने मनात एकाखाली एक मांडलं, उदाहरण सोडवावं तसं, आणि उत्तर आलं, पावणेपाच तास.

मग तिला ताई आठवली. खरं म्हणजे आठवली असं नव्हे. ताई तिथेच होती, उदाहरणाच्या मागे उभी राहिलेली, आणि ती इतका वेळ तिच्याकडे बघायचं टाळत होती.

दीड वाजता ताईला सांभाळणारी बाई निघते. निघताना ताईला जेवू घालते, पलंगावर बसवते, रेडिओ लावते, आणि बाहेरून कुलूप घालून जाते. सव्वादोनला ती घरी पोचते आणि आपल्याजवळच्या किल्लीने कुलूप काढते. मधला पाऊण तास ताई एकटी, कुलपात. दोन वर्षं हे असंच चाललं होतं आणि त्या बाईखेरीज कुणालाच माहीत नव्हतं. डॉक्टर विचारत, "घरी कायम कुणी असतं ना?" ती सांगे, असतं. कॉलेजात तिने सगळ्या सकाळच्या तुकड्या मागून घेतल्या होत्या, त्यासाठी संशोधनावर पाणी सोडलं होतं. पण सकाळच्या तुकड्याही एकला सुटतात, आणि बस काही उडत नाही. त्या बाईला दीडच्या पुढे थांबवता येत नव्हतं, दुसरी बाई मिळत नव्हती, मिळाली ती चौथ्या दिवशी निघून गेली. पाऊण तासाची ती फट बुजवायची खटपट तिने वर्षभर केली, मग सोडून दिली. पाऊण तासच तर आहे. कुलूप सुरू होण्याआधी ताई एकदा दार उघडून चालू लागली होती. संध्याकाळी ती तीन थांबे पलीकडच्या बँकेत सापडली, काउंटरवर बसून लोकांना सांगत होती, "लाइन एंगेज आहे, थोड्या वेळाने करा." बँकेतली माणसं चांगली होती, त्यांनी पाणी दिलं होतं. तेव्हापासून कुलूप. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, असं ती स्वतःशी म्हणायची, आणि मग स्वतःच्याच बहिणीबद्दल हे काय म्हणतोय म्हणून गप्प व्हायची.

ताई एकतीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होती. डोक्याला ते कानावरचं यंत्र, समोर भोकांची भिंत, दोन्ही हातांत वायरी. लहानपणी एकदा ताईने तिला कामावर नेलं होतं. एका लांबलचक खोलीत पन्नास बायका हळू आवाजात बोलत होत्या आणि त्या सगळ्यांच्या बोलण्याचा मिळून एक आवाज झाला होता, पाणी उकळायला लागताना होतो तसा. ताई तिच्यापेक्षा तेरा वर्षांनी मोठी. आई गेली तेव्हा ही पाच वर्षांची होती. वडील फिरतीवर, आणि ताईला नुकतीच नोकरी लागलेली. लग्नाचं ताईने पुढे ढकललं, मग ते तसंच पुढे पुढे जात राहिलं. त्या दिवसांत ताईची दुपारची पाळी सुरू व्हायची आणि शेजारच्या आजी नातवाला शाळेतून घेऊन यायला अजून अवकाश असायचा. तेवढा वेळ ताई तिला आत ठेवून बाहेरून कडी घालायची. "शंभरपर्यंत मोज. झाले की पुन्हा एकपासून. असं दहा वेळा केलंस की आजी येतील." आणि दाराच्या फटीतून, "दार वाजवायचं नाही हं. वाजवलंस तर लोकांना कळेल तू एकटी आहेस." तिने कधी दार वाजवलं नाही. मोजत बसायची. मोजता मोजता शंभराच्या आत काहीतरी चुकायचं, सत्तरनंतर एकदम नव्वद यायचे, आणि तिला वाटायचं की आपण लबाडी केली म्हणून आजी उशिरा येतायत. या गोष्टीचा ताईवर राग धरावा असं तिला एवढ्या वर्षांत कधी वाटलं नव्हतं. आज, उभ्या उभ्या पाय बधिर होत असताना, ताईचं तेव्हाचं वय तिच्या ध्यानात आलं. अठरा. वर्गात पहिल्या बाकावर बसून वहीच्या मागच्या पानावर फुलं काढणाऱ्या पोरी असतात तेवढी.

दुखणं आता बदललं होतं. सुरुवातीच्या कळा गेल्या होत्या आणि मनगटापाशी एक ठोका आला होता, नाडीचा, पण बाहेरून कुणी मारावा तसा. बोटं जड झाली होती, आपली वाटत नव्हती. ती दोनदा ओरडली. तळघराने आवाज परत तिच्याकडेच पाठवला आणि तिला लाज वाटली, जशी रिकाम्या घरात आपल्याशीच बोलताना कुणी ऐकलं तर वाटते. तिने उजव्या हाताने वरची प्लेट उचलायचा प्रयत्न केला, मधली दाबायचा केला. स्प्रिंगांचा जोर किती, हे तिने शेकडो वेळा फळ्यावर लिहिलं होतं. आता तो आकडा हाताला कळत होता. ओढणी काढून तिने तिचं टोक खुंटीकडे फेकलं. पहिल्यांदा हातभर अलीकडे पडली, दुसऱ्यांदा त्याहून अलीकडे. चौथ्यांदा ओढणी हँडलला लागली, हँडल हललं, झुललं, आणि तिच्याकडे बघून मान हलवल्यासारखं करून पुन्हा स्थिर झालं. तेविसाव्या खेपेला तिने मोजणं थांबवलं आणि फेकणंही.

दोन वीसला फोन वाजला.

पर्समध्ये, कपड्याच्या घडीत दबलेला आवाज. तिला बघायची गरज नव्हती. ताईला काल काय जेवलो ते आठवत नसे, धाकट्या बहिणीचं नाव दिवसाआड हरवे, पण घरातल्या फोनचा रिसीव्हर हातात आला की बोटं आपोआप फिरत. तिचा नंबर ताईच्या बोटांत होता. फोन पूर्ण वाजून थांबला. पुन्हा वाजला. ताईची पद्धत तिला ठाऊक होती: तीनदा लावायचा, मध्ये थोडं थांबायचं, उत्तर नाही आलं तर पुन्हा तीनदा. ऑपरेटर कधी चिडत नाही, असं ताई अभिमानाने सांगायची. एकदा एका माणसासाठी तिने सबंध दुपार एकच नंबर लावला होता, त्याचा मुलगा दूरगावी आजारी होता, आणि शेवटी पाच वाजता लाइन लागली तेव्हा तो माणूस नुसता रडत राहिला आणि ताईने नियम मोडून सहा मिनिटं लाइन तोडली नाही. फोन वाजत होता आणि ती यंत्राला धरून उभी होती. "ताई, येतेय," ती म्हणाली. पुढच्या वेळी मोठ्याने म्हणाली. "गॅसजवळ जाऊ नकोस. बसून राहा." पाच हातांवर फोन. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. सहा, सात, आठ. प्रत्येक वेळी वाजायचा थांबला की तिला वाटे, आता ताई उठली. आता स्वयंपाकघरात गेली. आता खिडकीशी गेली. खिडकीला गज होते, तेही तिनेच लावून घेतले होते. तीन वाजून दहा मिनिटांनी अकराव्यांदा फोन वाजला आणि त्यानंतर वाजलाच नाही. त्या शांततेपेक्षा वाजणं बरं होतं.

सकाळी प्रयोग चालू असताना एका मुलीने विचारलं होतं, "मॅडम, हे आतल्या माणसांना जितकं सुख देतं तितकी चाकाची रस्त्यावरची पकड सुटते, असं दिसतंय. दोन्ही नाही का मिळत?" या मुलीला वर्गात सगळे 'शंका' म्हणत. कुठलंही वाक्य संपलं की तिचा हात वर. बाकीच्यांना जेवायला जायची घाई, ही मात्र उभीच.

"दोन्ही पूर्ण कधीच मिळत नाही," तिने सांगितलं होतं. "कुणाला किती त्रास द्यायचा, ते आपण ठरवायचं आणि तसे आकडे भरायचे."

"आणि ते कोण ठरवतं?"

"जो यंत्र लावतो तो."

"आत बसलेल्याला कुणी विचारत नाही?"

पोरं हसली होती. तीही हसली होती. दर वर्षी कुणीतरी असं काही विचारतं आणि दर वर्षी ती एक वाजल्याचं सांगून वर्ग सोडते. आता तळघराच्या दिव्याखाली, भिंतीला टेकताही येत नाही आणि खालीही बसता येत नाही अशा अवस्थेत, तिला तो प्रश्न नकोसा झाला होता. तिला तहान लागली होती. लघवीलाही लागली होती. ताईला या वेळी कोण नेत असेल, असा विचार तिच्या मनात आला, आणि त्याच्यामागून लगेच दुसरा, की रोज या वेळी ताईला कोण नेतं? दोन वर्षांत हा प्रश्न तिने स्वतःला एकदाही विचारला नव्हता. सव्वादोनला कुलूप काढलं की ताई पलंगावर बसलेली असायची, रेडिओ चालू, साडी कधी ओली, कधी कोरडी. ओली असली की ती बदलायची आणि वाटायचं, आज अमुक झालं. त्याआधीचा पाऊण तास तिच्यासाठी नव्हताच. कुलूप लागल्यापासून निघेपर्यंत घर जणू बंद करून ठेवलेलं असायचं, दिवा बंद करावा तसं, आतल्या माणसासकट.

तीन वाजून चाळीस मिनिटांनी दार ढकललं गेलं. हातात कागदांची चळत घेऊन शंका उभी होती. तिला मॅडम यंत्रापाशी उभ्या दिसल्या, नेहमीसारख्या.

"मॅडम, बरं झालं भेटलात. एक शंका आहे. माझा आलेख तुमच्या आलेखाशी जुळतच नाही, मी तीनदा केला. इथे बघा, दुसऱ्या—"

"आधी माझा फोन दे," ती म्हणाली. आवाज घोगरा झाला होता. "पर्समध्ये आहे. माझा हात अडकलाय."

मुलगी जवळ आली, हात बघितला, आणि तिचा चेहरा एकदम लहान झाला. कागद खाली पडले. पण ती किंचाळली नाही. पर्स उघडून तिने फोन दिला आणि म्हणाली, "कुणाला बोलावू? पहारेकऱ्याला?"

"थांब जरा." तिने घराचा नंबर लावला. एंगेज. पुन्हा लावला, पुन्हा एंगेज. समोरच्या दाराच्या वहिनींचा नंबर होता. लावायचा म्हणजे सांगावं लागणार होतं. अंगठा नावावर ठेवून ती क्षणभर तशीच राहिली. अडीच तास हात चिमटीत आणि तरीही कुणाला कळता कामा नये असं काहीतरी तिच्यात ताठ उभं होतं. मुलगी बघत होती.

"माझी बहीण घरी आहे," ती मुलीला म्हणाली. "तिला समजत नाही फारसं. मी तिला बाहेरून कुलूप लावून ठेवते. मी सव्वादोनला जायला हवं होतं."

मुलीने तिच्या हातातल्या फोनकडे बघितलं. मग म्हणाली, "मग लावा ना फोन."

वहिनींनी लगेच उचलला. "वहिनी, जरा आमच्या दारापाशी जाऊन ताईला हाक माराल? मी कॉलेजात अडकलेय."

"मारते की. पण तुमच्या त्या बाई—"

"त्या नाहीत. दाराला कुलूप आहे. रोज असतं, दीड ते सव्वादोन."

मग वहिनी हळू आवाजात म्हणाल्या, "माहीत आहे हो. रोज ऐकू येतं ना."

"काय ऐकू येतं?"

"त्या दार वाजवतात. तुमच्या बाई गेल्या की सुरू होतं. पंधरा-वीस मिनिटं वाजवतात, मग थांबतात. आधी आधी आम्ही जायचो, बाहेरून बोलायचो. पण किल्ली नाही, करणार काय? आम्हाला वाटलं, तुम्हाला माहीत असेल." चपला सरकल्याचा आवाज आला, दार उघडल्याचा. "आज फार वेळ वाजवत होत्या. आता मघापासून शांत आहेत. थांबा, फोन ठेवू नका." मग लांबून, जिन्यातून आल्यासारखी वहिनींची हाक, एकदा, दोनदा. ती फोन कानाला लावून यंत्राच्या खांबावर कपाळ टेकून उभी राहिली. खांब गार होता. वहिनींचा आवाज परत आला आणि त्यात हसू होतं. "आहेत, आहेत. दाराशीच बसल्यात. बोलतायत. मला विचारतायत, कुठला नंबर हवाय. मी सांगितला माझ्या भावाचा, म्हणाल्या लाइन मिळाली की कळवते. मी बसते इथे स्टूल टाकून. तुम्ही सावकाश या."

तिने फोन कानावरून खाली घेतला. मुलीने तो हातातून घेतला आणि बंद केला.

"मॅडम, हे हँडल ना?" तिने खुंटीवरून ते काढलंही होतं. "कुठे घालायचं?"

"खाली. पेटीला भोक आहे."

मुलगी गुडघ्यांवर बसली, हँडल बसवलं. "कुठल्या बाजूला फिरवू?"

आणि तिला सांगता येईना. सोळा वर्षांत तिने ते तीनदा वापरलं असेल. बाण काढलेला कागद कधीच सुटून गेला होता. स्क्रूचे आटे कसे ते ती डोळे मिटून सांगू शकली असती, पण मध्ये दातेरी चाकं होती, दोन की तीन ते आठवत नव्हतं, आणि एका चाकाने दिशा उलटते. चुकलं तर प्लेट आणखी वर. "मला माहीत नाही," ती म्हणाली. हे वाक्य या खोलीत तिने पूर्वी कधी उच्चारलं होतं की नाही, कोण जाणे.

मुलगी वर बघत राहिली. मग उठली, खालच्या प्लेटच्या बाजूच्या मोजपट्टीवर तिने पेनाने बारीक खूण केली. "मी केसभर फिरवते. काटा खुणेच्या वर गेला तर लगेच उलटं."

"चुकलं तर दुखेल."

"हो," मुलगी म्हणाली. "चुकलं तर सांगा."

पहिल्यांदा चुकलंच. तिच्या तोंडून निघालेला आवाज तिला स्वतःचा वाटला नाही. मुलीने ताबडतोब उलटं फिरवायला घेतलं, ओठ चावून, काट्यावरची नजर न हलवता. बारीक आटे. एका फेऱ्याला केवढंसं अंतर. मुलगी घामाघूम झाली. किती फेरे झाले कोण जाणे, मग स्प्रिंगांनी एक निःश्वास टाकल्यासारखा आवाज केला, मधली प्लेट खाली बसली, आणि हात बाहेर आला. जांभळा, सुजलेला, बोटांवर प्लेटच्या कडेची सरळ रेघ उमटलेली. तिने तो दुसऱ्या हातात धरला, एखादी वस्तू धरावी तसा.

"आधी दवाखान्यात जाऊ," मुलगी म्हणाली.

"आधी घरी."

टॅक्सीत मुलगी शेजारी बसली. तिला तिने ये म्हटलं नव्हतं, नको असंही म्हटलं नव्हतं. रस्त्यातल्या प्रत्येक खड्ड्याला हात छातीशी घट्ट धरावा लागत होता, आणि तरी तिच्या मनात एकच गोष्ट फिरत होती. पंधरा-वीस मिनिटं. म्हणजे ती बसमध्ये चढून, जागा मिळवून, तिकीट पर्समध्ये ठेवून खिडकीबाहेर बघत असायची तेवढा वेळ. सव्वादोनला ती दार उघडायची आणि ताई पलंगावर बसलेली असायची, रेडिओ ऐकत. तिने हे कधी सांगितलं नाही. कदाचित तोवर विसरत असेल. किंवा विसरत नसेल, आणि वाजवून उपयोग नाही हे रोज नव्याने शिकून पलंगावर जाऊन बसत असेल. यातलं काय बरं, ते तिला ठरवता येईना.

जिन्यात वहिनी स्टूलवर बसल्या होत्या, दाराला कान लावून, भाजी निवडत. त्या उठून बाजूला झाल्या. डाव्या हाताने कुलूप धरायची सवय. आज उजव्या हाताने किल्ली लागेना. शेवटी मुलीने किल्ली घेतली आणि कुलूप काढलं.

ताई दाराच्या आत फरशीवर बसली होती, पाय पुढे पसरून. साडी ओली होती. फोनचा रिसीव्हर आतल्या खोलीत वायरीला लोंबत होता. ताईने वर पाहिलं. तिचे डोळे दोघींवरून फिरले आणि सुजलेल्या हातावर थांबले, आणि तिच्या चेहऱ्यात काहीतरी जागेवर बसलं. दाराच्या चौकटीला धरून ती उठली, हळूहळू, आणि मोठ्या बहिणीच्या त्या जुन्या ठाम आवाजात म्हणाली, "इकडे या. बसा." तिने बहिणीला खुर्चीवर बसवलं, मोरीतून पाण्याचं भांडं आणलं, पाणी सांडत आणलं, पण आणलं, आणि तो हात त्यात ठेवला. मग शेजारी बसून मनगटाखाली आपला तळवा धरून राहिली. तळवा कोरडा आणि उबदार होता. त्याच्या कडेला, करंगळीच्या खाली, कातडी जाड झाली होती. रोज दार वाजवून होते तशी. हे तिला आजच दिसलं. रोज याच हाताला साबण लावून ती धुवायची.

"फार दुखतंय का हो?" ताईने विचारलं.

"थोडं."

"घरी कोण आहे तुमच्या?"

ती ताईकडे बघत राहिली. "बहीण आहे," ती म्हणाली. "मोठी."

"मग तिला कळवायला हवं. उशीर झाला की जीव थाऱ्यावर राहत नाही माणसाचा." ताईने भांड्यातलं पाणी ओंजळीने हातावर सोडलं, पुन्हा सोडलं. "सांगून ठेवावं निघताना. किती वेळ लागेल ते सांगितलं, की बसता येतं."

"सांगेन," ती म्हणाली. "उद्यापासून सांगेन."

उद्या रविवार, ती घरीच असणार होती. परवा पुन्हा दीड वाजणार होता. तिने हिशेब करून बघितला आणि त्या पाऊण तासाचं काय करायचं ते तिला अजूनही कळलं नव्हतं. किल्ली वहिनींकडे ठेवता येईल. वहिनींनी रोज बसायचं कबूल केलं तर. नाहीतर कॉलेज सोडायचं. नाहीतर, आणि तिथून पुढे विचार सरकेना. ताईचा हात तिच्या मनगटाखाली होता आणि तो काढून घ्यायची तिची इच्छा नव्हती.

मुलगी अजून उंबऱ्यावर उभी होती, एका हातात उघडं कुलूप, दुसऱ्या हातात किल्ली. तिच्यामागे जिन्यातून वर-खाली करणारी माणसं आत डोकावून जात होती. "मॅडम," तिने विचारलं, "दार लावू का?"

ताईनेही दाराकडे पाहिलं. तिचा तळवा किंचित घट्ट झाला.

"नुसतं लोटून घे," ताईच्या हातातला हात तसाच ठेवून ती मुलीला म्हणाली. "कडी नको लावूस. आणि ये, आत ये."